पाच रुपयांचा एक तास

मार्च २०२१ च्या शेवटच्या दिवसांत नाशिकमध्ये बाजारात जायला पावती लागेल, असा नियम निघाला. पाच रुपये भरायचे, आत जायचं, तासाभरात बाहेर यायचं. जास्त रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. शहरातल्या ज्या गर्दीच्या बाजारांसाठी हा नियम होता, त्यांत आमच्या सातपूरचा अशोकनगरचा बाजारही होता. पुन्हा लॉकडाउन लावायची वेळ येऊ नये म्हणून गर्दी कमी करायची, असं कारण सांगितलं गेलं. देशभरच्या बातम्यांत नाशिकचं नाव झळकलं आणि लोक हसले. मीही हसलो.

आई त्या आठवड्यात एकदाच बाजारात गेली आणि पाऊण तासाच्या आत परत आली. पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाली, "घासाघीस करायला वेळच नव्हता. म्हणाला त्या भावाने घेतलं सगळं." म्हणजे पाच रुपये पावतीचे आणि वर घाईचे वीस-पंचवीस.

थोड्याच दिवसांत राज्याचे 'ब्रेक द चेन'चे निर्बंध आले आणि ती पावती मागे पडली. पण लॉकडाउनचा उपयोग झाला की नाही, हा वाद जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा मला ती आठवते. महामारीतला तो सगळ्यात प्रामाणिक सरकारी कागद होता, असं आता वाटतं. एवढा वेळ, एवढे पैसे, आणि भरणार तुम्ही, असा सरळ हिशोब त्यात होता. बाकीच्या निर्बंधांतही हाच व्यवहार होता, फक्त त्यांची पावती कोणी फाडली नाही.

घरातले दोन पक्ष

आमच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि इतकी वर्षं झाली तरी त्यांचं जमलेलं नाही.

पप्पा सातपूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात काम थांबलं ते जूनमध्ये सुरू झालं, तेही आठवड्यातून तीन दिवस. मधल्या काळात हातात काही आलं नाही. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं आहे: "घरी बसवलं, कर्जात घातलं, आणि शेवटी जे व्हायचं ते झालंच."

ताई नर्स. तिचंही एकच वाक्य: "जे व्हायचं ते वर्षभर आधी झालं असतं, तर आम्ही कोणालाच वाचवू शकलो नसतो."

दोघांच्या बोलण्यात 'जे व्हायचं ते' हे शब्द येतात. त्या शब्दांमागे आमचा मामा आहे. तो रिक्षा चालवायचा. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तो गेला. त्यामुळे आमच्या घरात लॉकडाउनवरचा वाद कधीच नुसता लॉकडाउनवरचा नसतो. मामाला वाचवता आलं असतं का, हा प्रश्न त्याच्याआड उभा असतो, आणि तो थेट विचारायची हिंमत कोणाला होत नाही.

मी बराच काळ ताईच्या बाजूने होतो. मग काही काळ पप्पांच्या. आता वाटतं, दोघांनी प्रश्नच चुकीचा धरलाय, आणि टीव्हीवरच्या तज्ज्ञांनीही तोच धरला होता. 'लॉकडाउन चाललं की फसलं?' या प्रश्नात एक युद्ध गृहीत आहे. ते तिथे कसं आलं हेही आपल्याला माहीत आहे. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा झाली, मध्यरात्रीपासून देश बंद. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान म्हणाले की महाभारताचं युद्ध अठरा दिवसांत जिंकलं गेलं, ही लढाई जिंकायला एकवीस दिवस लागतील. युद्ध म्हटलं की जय आणि पराजय एवढंच उरतं. युद्धाचं बिल कोणी मागत नाही, मागितलं तर तो देशद्रोह ठरतो.

खरेदी म्हटलं की वेगळे प्रश्न सुचतात. काय घेतलं? कितीला पडलं? पैसे कोणाचे? आणि घेतलेली वस्तू वापरली की तशीच सडली?

न घडलेला देश

आधी दाव्यांकडे पाहू. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने सांगितलं की लॉकडाउनमुळे १४ ते २९ लाख रुग्ण आणि ३७ हजार ते ७८ हजार मृत्यू टळले. सप्टेंबरमध्ये आरोग्यमंत्र्यांनी हेच आकडे संसदेत मांडले. आकडा एवढा पसरट का? कारण 'टळलेला' मृत्यू मोजता येत नाही. तो एका न घडलेल्या देशातला असतो, जिथे लॉकडाउन लागलंच नाही. तो देश गणिताने रचावा लागतो, आणि गणितात काय गृहीत धराल तसा तो बदलतो.

गणित उलट्या बाजूनेही फसतं. एप्रिल २०२० मध्ये सरकारी सादरीकरणात एक आलेख दाखवला गेला होता. त्यातली नव्या रुग्णांची रेघ १६ मेच्या आसपास शून्याला टेकत होती. १६ मे उजाडला तेव्हा देशात रोज चार-पाच हजार नवे रुग्ण सापडत होते. तो अंदाज नव्हताच, गैरसमज झाला, असं नंतर सांगण्यात आलं.

जगातही तेच झालं. जून २०२० मध्ये 'नेचर'मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांचा अभ्यास आला: अकरा युरोपीय देशांत निर्बंधांनी सुमारे तीस लाख जीव वाचवले. २०२२ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी अनेक अभ्यास एकत्र करून सांगितलं की पहिल्या लाटेतल्या लॉकडाउनने मृत्यू कमी झाले ते जेमतेम ०.२ टक्के. एकाच वसंत ऋतूबद्दलची ही दोन उत्तरं. पहिल्यावर टीका झाली की लोक स्वतःहून सावध झाले त्याचंही श्रेय त्याने सरकारी आदेशांना दिलं. दुसऱ्यावर टीका झाली की कोणते अभ्यास घ्यायचे आणि कोणते वगळायचे, यातच त्याचं उत्तर ठरून गेलं होतं. स्वीडनचंही तसंच. २०२० मध्ये स्वीडनची स्थिती शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा बरीच वाईट होती. तीन वर्षांचा हिशोब केला तर जादा मृत्यूंच्या बाबतीत तो युरोपातल्या कमी नुकसान झालेल्या देशांत बसतो. ज्याला जो मुद्दा हवा, तो तेवढंच वर्ष उचलतो.

लोक स्वतःहून सावध होतात, हा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. शिकागोच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइल फोनच्या माहितीवरून अमेरिकेतल्या दुकानांमधली वर्दळ मोजली. ती साठ टक्क्यांनी घटली होती. त्यातले सातच टक्के सरकारी आदेशांमुळे होते, बाकी लोक भीतीने आधीच घरात बसले होते. हे वाचल्यावर मला पप्पांचा पक्ष एकदम बळकट वाटला. लोक घाबरून बसणारच होते, मग बंदी कशाला?

मग मी सातपूरचा विचार केला. इथे घाबरून घरी बसायचं स्वातंत्र्य कोणाला होतं? पर्मनंट माणसाला रजा असते. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला तर घर हेच ऑफिस. पप्पांसारख्या कंत्राटी माणसाने "भीती वाटते, येत नाही" म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या मशिनवर दुसरा उभा असता. सरकारी आदेश निघाला तेव्हाच कारखाना बंद झाला, आणि कारखाना बंद झाला तेव्हाच पप्पांना घरी बसता आलं. इथे सावध राहायला आदेश लागतो.

हे मी पप्पांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बसायला मिळालं, पण खायला कोणी दिलं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि माझ्या मते इथेच सगळा हिशोब अडतो.

काय मिळालं

ताईच्या बाजूचे पुरावे कच्चे नाहीत. मार्च २०२० मध्ये ती ज्या दवाखान्यात होती, तिथे तिच्या वॉर्डात रेनकोट घालून काम चालायचं. जूनमध्ये किट मिळायला लागले. देशाचीही हीच गोष्ट आहे. मार्चच्या अखेरीस कोरोनाची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा शे-दीडशेच्या घरात होत्या, जूनच्या अखेरीस हजाराच्या वर गेल्या. दिवसाला काही हजार चाचण्या व्हायच्या त्या मेअखेर लाखावर पोचल्या. श्वास लागलेल्या माणसाला पालथं झोपवायचं, व्हेंटिलेटरची घाई करायची नाही, स्टेरॉइड केव्हा द्यायचं, हे डॉक्टर त्या तीन-चार महिन्यांत शिकले. पहिल्या महिन्यात आलेल्या रुग्णापेक्षा सहाव्या महिन्यात आलेल्याची वाचण्याची शक्यता जास्त होती.

साथ मंदावलीही. लॉकडाउनच्या आधी रुग्णसंख्या ३.४ दिवसांत दुप्पट होत होती, २० एप्रिलला सरकारने सांगितलं की आता ७.५ दिवस लागतात. आयसीएमआरने देशभर रक्ताचे नमुने घेऊन किती जणांना संसर्ग होऊन गेला हे पाहिलं. मे-जून २०२० मध्ये प्रौढांतलं हे प्रमाण ०.७३ टक्के होतं. म्हणजे शंभरात एकही नाही. एवढ्या दाटीच्या देशात हे आपोआप झालं, असं म्हणणं अवघड आहे.

त्याच पाहणीचे पुढचे आकडेही वाचावे लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ६.६ टक्के. डिसेंबर-जानेवारीत २१ टक्क्यांच्या वर. जून-जुलै २०२१ मध्ये ६७.६ टक्के. साथ थांबली नाही, पुढे ढकलली गेली. देश बंद झाला तेव्हा रुग्ण पाचशेच्या आसपास होते. १ जून २०२० ला अनलॉक सुरू झालं तेव्हा एक लाख नव्वद हजारांच्या घरात. आपण वेळ विकत घेतली होती, आणि ती खरी होती. इथवर मी ताईच्या बाजूने आहे.

कोणी भरलं

ऑक्सफर्ड विद्यापीठाने देशोदेशीच्या निर्बंधांच्या कडकपणाला शंभरपैकी गुण दिले होते. त्या पहिल्या आठवड्यांत भारताला शंभर होते. जगातल्या सगळ्यात कडक बंदीची किंमत सगळ्यांनी सारखी भरली नाही, हे सांगायला आकड्यांची गरज नाही, पण आकडे आहेत. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचा जीडीपी आधीच्या वर्षापेक्षा २३.९ टक्क्यांनी घसरला. सीएमआयईच्या अंदाजाने एकट्या एप्रिलमध्ये १२ कोटींहून जास्त लोकांचं काम गेलं. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८ लाखांची. क्षय कमी झाला नव्हता. खोकणारी माणसं दवाखान्यापर्यंत पोचली नव्हती.

आणि रस्ता होता. मुंबईहून निघालेली माणसं कसारा घाट चढून आग्रा रोडने नाशिकवरून उत्तरेकडे चालत गेली. त्यांच्यासाठी महाराष्ट्रातली पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली ती नाशिकरोडहून, भोपाळसाठी, १ मे २०२० च्या रात्री. कामगार दिनाला आणि महाराष्ट्र दिनाला. म्हणजे बंदी लागल्यापासून पाच आठवड्यांनी. आठवड्याभरातच, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. गाडी पाच आठवड्यांनी सोडता येते, तर पहिल्या चार दिवसांत का सोडता आली नाही? तेव्हा रुग्ण पाचशे होते. मेमध्ये ते हजारोंनी होते, आणि तेव्हा आपण लोकांना गावी पाठवलं. साथरोगाच्या दृष्टीनेही हा क्रम उलटा होता.

जी माणसं गेली नाहीत, त्यांचं घर हाही प्रश्नच होता. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, झोपडपट्टीबाहेरच्या १६ टक्क्यांना. शहर एक, आदेश एक, रस्त्यावरची बंदी एक. 'घरीच राहा' या दोन शब्दांचा अर्थ मात्र घराच्या चौरस फुटांवर ठरत होता.

आमच्या श्रमिकनगरच्या घरात दोन खोल्या आहेत. ताई कामावरून आली की आतली खोली तिची, बाहेरची आम्हा तिघांची, आणि संडास सगळ्यांचा. ती दारातच कपडे बदलायची, आई तिचं ताट वेगळं ठेवायची. या सगळ्या सोहळ्याला आम्ही 'आयसोलेशन' म्हणायचो आणि रात्री उकाड्यामुळे मधलं दार उघडं ठेवायचो.

खुला बाजार, बंद खोली

इथे पावतीकडे परत येतो, कारण तिचा दुसरा दोष मला तेव्हा कळला नव्हता. अशोकनगरचा बाजार उघड्यावर भरतो. डोक्यावर आभाळ, फार तर ताडपत्री. कोरोना प्रामुख्याने बंद जागेतल्या हवेतून पसरतो, हे २०२१ च्या वसंतापर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट झालं होतं. त्या एप्रिलमध्ये 'लॅन्सेट'ने हवेतून प्रसाराच्या बाजूने दहा कारणं देणारा लेख छापला. तरीही आपल्याकडे वर्षभर बंदीचा रोख राहिला तो बागा, मैदानं, सकाळचं फिरणं, भाजीबाजार यांच्यावर. गर्दी जिथे दिसते तिथे काठी पोचते. पत्र्याच्या शेडमधली गर्दी, जेवणाच्या सुट्टीतली कँटीन, दहा बाय दहाच्या खोलीत झोपणारी सहा पोरं रस्त्यावरून दिसत नाहीत. शिवाय बाजाराला तासाची मर्यादा घातली की दिवसभरात विखुरलेली माणसं कमी होतात असं नाही, ती फक्त घाईत येतात. खिडक्या उघडा, पंखा उलटा लावून हवा बाहेर फेका, असं सांगणारी पोलिसांची गाडी मी सातपुरात फिरताना ऐकली नाही. 'घराबाहेर पडू नका' म्हणणारी रोज ऐकली.

असं आपल्याकडे पहिल्यांदा घडलं नाही. २०२० चे निर्बंध ज्या कायद्यांच्या आधारे लागले, त्यांतला एक साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. तेव्हाही घरं तपासली, माणसं छावण्यांत नेली, सामान जाळलं. पुण्यात त्याच रागातून २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. रँडची गोष्ट शाळेत सगळे शिकतात. पुढची कमी जणांना माहीत असते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग पसरवते ती उंदरांवरची पिसू. सरकार माणसांच्या मागे धावत होतं, आणि प्लेग पुढची कित्येक वर्षं देशात ठाण मांडून बसला. सक्ती जितकी जास्त तितका परिणाम जास्त, हा समज निदान सव्वाशे वर्षं जुना आहे आणि तेव्हाच खोटा पडला होता.

एका दिवसाचा भाव

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. निर्बंध वेळ विकत घेतात, हे मान्य. पण महामारीतल्या प्रत्येक दिवसाचा भाव सारखा नसतो.

मार्च २०२० मध्ये विकत घेतलेला दिवस किट, चाचण्या आणि खाटा जमवायला उपयोगी होता. लस तेव्हा कुठेच नव्हती. फेब्रुवारी-मार्च २०२१ मधला दिवस त्याहून कितीतरी मोलाचा होता, कारण लस आली होती. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं, १ मार्चपासून साठीपुढच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना. तेव्हा साथ दोन महिने पुढे ढकलली असती, तर त्या दोन महिन्यांत लाखो लोकांच्या दंडात लस गेली असती. ढकललेला मृत्यू टळलेला मृत्यू ठरू शकला असता. २०२० मध्ये तशी हमी नव्हती.

आपण नेमकं उलटं केलं. स्वस्त दिवस सगळ्यात महाग भावाने घेतले आणि मोलाचे दिवस आले तेव्हा खिसा रिकामा होता. लोकांची बचत संपली होती, सरकारची हिंमत संपली होती, आणि आपण जिंकलो असं सांगून झालं होतं. मार्च २०२१ च्या अखेरीस केंद्राने सर्वाधिक सक्रिय रुग्णांचे दहा जिल्हे जाहीर केले. त्यांतले आठ महाराष्ट्रातले होते, नाशिक त्यांत होतं. त्याच आठवड्यात पाच रुपयांची पावती निघाली. पप्पा तेव्हा रोज कामावर जात होते. त्यांना पुन्हा घरी बसवायला कोणी धजावलं नसतं, आणि तेही बसले नसते. पहिल्या वेळी पोट भरलं नाही, म्हणून दुसऱ्या वेळी कोणी ऐकलं नाही. धान्य आणि पैसे घरी पोचवणं ही दया नव्हती. निर्बंध पुढच्या वेळी चालावेत म्हणून तो करायचाच खर्च होता.

विकत घेतलेल्या वेळेचं काय केलं, हेही इथेच कळतं. रुग्णालयांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प उभारायची निविदा ऑक्टोबर २०२० मध्ये निघाली. म्हणजे लॉकडाउननंतर सात महिन्यांनी. मंजूर झालेल्या १६२ प्रकल्पांपैकी १८ एप्रिल २०२१ पर्यंत ३३ उभे राहिले, हे आरोग्य मंत्रालयानेच सांगितलं. तीन दिवसांनी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब कमी झाला आणि २२ रुग्ण गेल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. ती दुर्घटना होती, हे खरं. पण सगळ्या शहराचा श्वास मोजक्या टाक्यांवर आणि टँकरवर टांगलेला होता, हे एका दिवसात झालं नव्हतं.

मामा त्याच महिन्यात गेला. ताईने रात्रभर फोन केले. खाट मिळाली तेव्हा उशीर झाला होता. एवढंच.

निर्बंध कसा असावा, याचं उदाहरणही मला नाशिकमध्येच सापडतं. चौऱ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मार्च २०२१ च्या अखेरीस इथे भरणार होतं. रुग्ण वाढायला लागल्यावर ते पुढे ढकललं आणि डिसेंबरमध्ये आडगावला झालं. मंडपवाल्यांचं, पुस्तक विक्रेत्यांचं नुकसान झालं असेल, पण कोणी उपाशी चालत गावी गेलं नाही. संभाव्य गर्दी मोठी, टाळायची किंमत मर्यादित, आणि वेळ लसीच्या तोंडावरची. त्याच मार्च-एप्रिलमध्ये देशात आठ टप्प्यांची निवडणूक आणि हरिद्वारचा कुंभ चालू होता. एक मेळावा ढकलता येतो हे ज्यांना कळलं त्यांनी तो ढकलला. ज्यांच्या हातात मोठे मेळावे होते त्यांनी आमच्या आईचा तास मोजला.

न मोजलेली माणसं

मग लॉकडाउनचा उपयोग झाला का? माझं उत्तर असं: साथ मंदावली, वेळ मिळाली, तिचा पहिला भाग बरा वापरला गेला आणि दुसरा वाया गेला. किंमत ज्यांनी भरली त्यांच्या वाट्याला संरक्षण सगळ्यात कमी आलं. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात हे मावत नाही.

आणि हे उत्तरही अर्धवटच आहे, कारण हिशोबाच्या वहीत शेवटची ओळ कोरी आहे. २०२० आणि २०२१ मिळून भारतात कोरोनाचे अधिकृत मृत्यू सुमारे ४.८१ लाख. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये जादा मृत्यूंचा अंदाज दिला तो सुमारे ४७ लाख. भारत सरकारने तो आणि तो काढायची पद्धतही नाकारली. जवळपास दहापट फरक आहे. पाच लाख गेले की पन्नास लाख, यावरच एकमत नसेल, तर कोणत्या आदेशाने किती वाचले यावर आपण कशाच्या आधारे भांडतोय?

मामाची चाचणी झाली नव्हती. फक्त छातीचा स्कॅन होता. त्याच्या दाखल्यावर कोविड हा शब्द नाही. पुढे पन्नास हजारांची मदत जाहीर झाली तेव्हा मामीने अर्ज केला नाही, कागद जमवायची ताकद तिच्यात नव्हती. आमच्यासाठी मामा दुसऱ्या लाटेत गेला. सरकारी वहीत तो नुसता गेला. लॉकडाउन फसलं म्हणणाऱ्याच्या आकड्यांत तो नाही, आणि चाललं म्हणणाऱ्याच्याही.

पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा रात्री आठ वाजता कोणीतरी टीव्हीवर येईल. तेव्हा मी 'पाळायचं की नाही' हा वाद घालणार नाही, बहुतेक पाळेन. पण विचारेन, किती दिवस घेताय, त्या दिवसांत काय उभं करणार, कोणता आकडा आला की उघडणार, आणि पप्पांच्या घरी बसण्याचे पैसे कोण देणार. पाच रुपयांच्या पावतीने यातल्या निदान दोन गोष्टी सांगितल्या होत्या, वेळ आणि भाव.

हा लेख लिहिताना मी घरात तो वाद पुन्हा काढला. ताई म्हणाली, ऑक्सिजन असता तर मामा वाचला असता. पप्पा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग तेच तर मी म्हणतोय." दोघं एकाच गोष्टीवर रागावलेले होते, हे मला त्या दिवशी कळलं. आईने विषय बदलला आणि बाजारातून काय आणायचं ते विचारलं.